फौजदार डॉक्टर आणि निळी शाई

चहाचा वास घेतल्याशिवाय कप तोंडाला न लावणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. कॅन्टीनवाला समोर उभा असायचा, तोंड कडू करून. हे डॉक्टर कप नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "सकाळचीच पत्ती आहे."

"नाई जी साहेब, आत्ताच टाकली."

मग हे त्याच्याकडे असे काही बघायचे की तो बिचारा परत जाऊन स्वतःच पातेल्यात डोकावून यायचा. आणि खरं सांगते, पत्ती सकाळचीच असायची.

पुसदच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी आयाबाई होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, लोक मग नाव धरून बसतात आणि गोष्ट सोडून देतात. माझी ड्युटी कॅज्युल्टीत. अपघात झालेला, साप चावलेला, औषध पेलेला, जो कोणी धावतपळत आणला जाईल तो आधी आमच्या दारात. आमच्याकडे 'औषध पेला' म्हणजे फवारणीचं विष पेला. हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण वाचणारं कोणी लांबचं असलं तर म्हणून सांगितलं. आणि हे त्या कॅज्युल्टीचे मोठे डॉक्टर. त्यांचंही नाव नको. सगळा दवाखाना त्यांना मागून फौजदार म्हणायचा, पुढून सर.

माणूस उंच, वाळका, मान जराशी पुढे काढून चालणारा. कपड्यांना इस्त्री असली तर असली, बूट मात्र आरशासारखे. ते स्वतः पॉलिश करायचे, दुसऱ्याच्या हातात कधी दिले नाहीत. दवाखान्याच्या मागे क्वार्टरमध्ये एकटे राहायचे आणि दाराला दोन कुलपं लावायचे. घराणं यवतमाळचं, बाप वकील, आजा वकील. त्यांच्याच बोलण्यात एकदा आलं होतं. मी मनात म्हटलं, मग बरोबर आहे, हा माणूस दवाखान्यात चुकून आला, याला कोर्टात जायचं होतं.

पेशंट म्हणाला पोट दुखतं, की हे विचारणार, "कधीपासून?" पेशंट म्हणाला, सकाळपासून. तर त्याच्या बायकोला बाहेर नेऊन विचारणार, "कधीपासून?" ती म्हणाली, कालपासून. की झालं, दोघांना समोरासमोर उभं करणार. लोक चिडायचे. एक म्हातारा तर म्हणाला होता, "डॉक्टर हायेस का वकील? मले दुखून राह्यलं अन् तू माह्या बायकोची जबानी घेऊन राह्यला!"

त्यांचं एक बोलणं मला पाठ आहे. म्हणायचे, "मावशी, आधी माणसाला विचारायचं, मग यंत्राला विचारायचं. दोघांचं एकच उत्तर आलं तर जास्त घाबरायचं. दोघं मिळालेले असू शकतात."

कोरोनापासून ते बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र सगळ्यांना माहीत झालं, रक्तात ऑक्सिजन किती ते सांगणारं. आमचे डॉक्टर ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरायचे. पेशंटच्या बोटाला लावायचे, मग स्वतःच्या बोटाला, आणि मग मला हाक मारायचे, "मावशी, साक्षीला या." मी हातातला पोछा ठेवून बोट पुढे करायची. माझा आकडा नीट आला की मगच पेशंटचा आकडा खरा. अशी मी दिवसातून दहादा साक्ष द्यायची. सिस्टर लोक हसायच्या, "मावशी, भत्ता माग साहेबाले साक्षीचा."

माझ्यावरही संशय होताच. मी शाळेत गेलेली नाही. आमच्या बंजारा तांड्यात तेव्हा शाळा झाडाखाली भरायची, आणि त्या झाडाखाली आमच्या शेळ्या बसायच्या. अक्षरं मी शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून आणि केसपेपरवरून, पोछा मारता मारता. हे त्यांना कळलं तेव्हा कौतुक नाही केलं. एक खोका पुढे धरून म्हणाले, "वाचा."

मी वाचलं, "लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवा."

"हं. म्हणजे केसपेपर वाचून नातेवाइकांना तुम्हीच सांगता."

मी सांगत होते, नाही म्हणत नाही. पण कोणी असं तोंडावर बोलतं का?

म्हणून मीही त्यांच्यावर डोळा ठेवला. त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणाला कुलूप असायचं आणि किल्ली जानव्याला. एकदा तो खण उघडा राहिला आणि मी वाकून पाहिलं. आत कापसात गुंडाळलेल्या दोन काचेच्या बाटल्या, बोटाएवढ्या, आणि त्यात गर्द निळी शाई. शाई कोण कुलपात ठेवतं? मी सरळ मेट्रनबाईंना जाऊन सांगितलं, साहेब काहीतरी चोरून ठेवून राह्यले. मेट्रनबाईंनी त्यांना विचारलं, आणि त्यांनी मला बोलावलं.

"मावशी, ते औषध आहे. वर्षातून एकदाही लागत नाही, म्हणून स्टोअरमध्ये कोणी मागवत नाही, आणि मागवलं तर मुदत संपेपर्यंत कुठं ठेवलं ते सापडत नाही. माझा स्टोअरवर विश्वास नाही."

"अन् माह्यावर, सर?"

"तुमच्यावर पण नाही. तुम्ही माझा खण पाहिला."

मी पोछा घेऊन निघून आले. पण मनातला संशय काही गेला नाही. म्हटलं, औषध असतं तर लेबल पाहू दिलं असतं.

माझी नात पायल तेव्हा पुसदच्या कॉलेजात होती. आमचा तांडा शहरापासून जवळ, अर्धा तास. पोरीचे केस म्हणजे आमच्या घराची शान, वेणी कमरेच्या खाली. त्या वर्षी तिला टायफाइड झाला आणि केस मुठीमुठीनं गळाले. पोरगी बरी झाली, पण हसणं गेलं. घरातसुद्धा डोक्याला ओढणी बांधून बसायची.

श्रावण संपता संपता पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालते. माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, कृषी केंद्रातून फुलोऱ्याचं टॉनिक आणलं होतं. पऱ्हाटीला फुलं जास्त लागावी म्हणून ते मारतात. कीड मारायचं ते औषध आणि हे टॉनिक, असं आमच्या लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. औषधाला सगळे भितात, टॉनिकला कोणी भीत नाही. तर त्या डब्याचं झाकण तुटलं आणि मुलगा म्हणाला, "याडी, एखादी बाटली दे वं." आमच्यात आईला याडी म्हणतात. मी माझ्या डोक्याच्या तेलाची रिकामी बाटली धुऊन दिली. उरलेलं टॉनिक त्यात ओतलं. खाली शेळीची पिल्लं फिरत होती, म्हणून ती बाटली मीच आरशाजवळच्या फळीवर ठेवली. वास मोठा गोड होता, बदामाच्या तेलासारखा. पायल तिथंच बसली होती. मी तिला हसवावं म्हणून बोलले, "पाय वं पोरी, हे मारलं का पऱ्हाटीले फुलंच फुलं लागते. तुह्या डोक्याले लावलं तं वेणी जमिनीले टेकन."

पायल हसली. मला इतकं बरं वाटलं ती हसली म्हणून.

हे शनिवारी संध्याकाळचं. रविवारी माझी दिवसपाळी होती.

रविवारी दुपारी कॅज्युल्टीच्या दारात मोटरसायकल थांबली. माझा मुलगा चालवत होता, मागे शेजारी, आणि दोघांच्या मधे डोक्याला ओढणी बांधलेलं कोणीतरी, मान टाकून. मी रोजच्या सवयीनं स्ट्रेचर घेऊन धावले. तोंड पाहिलं आणि स्ट्रेचर माझ्या हातून सुटलं. पायल. ओठ पिकल्या जांभळासारखे. नखं तशीच. बाकीचं तोंड चुलीतल्या राखेच्या रंगाचं.

"याडी, सकाळी चांगली होती वं," मुलगा रडत होता. "डोकं दुखते म्हणे, मग उलटी झाली, अन् मग हे असं."

शेजारी माझ्या कानाशी आला. "काकी, बोलू नये, पण पोट्टीनं औषध घेतलं असन. कॉलेजात काही असन."

आणि मी? मलाही तेच वाटलं. कॅज्युल्टीत इतकी वर्षं घालवलेल्या बाईला दुसरं काय वाटणार? मी तिचा हात धरून विचारलं, "पायल, काय पेली? मले सांग. मी कोणाले सांगत नाई."

"काई कोनी, दादी." आमच्या बोलीत म्हणाली. काही नाही. "तुह्या गळ्याची आण, काहीच नाई पेली."

त्या दिवशी ड्युटीवर नवी डॉक्टरीण होती, पोरगीच ती. घाबरली होती, पण हात चालत होते. ऑक्सिजनचा मास्क लावला, पूर्ण सोडला. बोटाला यंत्र लावलं. पंच्याऐंशी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आकडा पंच्याऐंशीवरून हलेना. डॉक्टरीण म्हणाली, "विषच आहे. पोट धुवू, नळी काढा. आणि ॲम्बुलन्सला सांगा, यवतमाळला पाठवावं लागेल." यवतमाळ म्हणजे मोठा दवाखाना, पण रस्ता दोन तासांच्या वर.

नळी तिच्या हातात होती, पायलच्या नाकाशी नेलेली, तेवढ्यात मागून आवाज आला. "थांबा."

फौजदार आले होते. सुट्टीच्या दिवशीही पायात ते चकचकीत बूट. कोणी बोलावलं नव्हतं, पण मोटरसायकल दारात करकचून थांबली की हा माणूस क्वार्टरमधून येणारच.

"कोण आहे ही?"

"माही नात, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत ओळखीचा कण नव्हता. "मग मावशी, तुम्ही आता स्टाफ नाही. नातेवाईक आहात. तिकडे उभ्या राहा."

अकरा वर्षं मी त्या माणसासाठी बोट पुढे केलं होतं. मला इतका राग आला की रडू थांबलं.

ते पायलवर वाकले. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. डोळ्यांत बॅटरी मारली. मग नव्या डॉक्टरणीला म्हणाले, "इतकी निळी आहे, तर धाप कुठंय? फुप्फुस साफ, हृदय ठीक. फवारणीचं औषध पेली म्हणता, तर तोंडाला फेस नाही, बाहुल्या बारीक नाहीत. आणि हा पंच्याऐंशीचा आकडा इतका शांत कसा?" यंत्र काढून स्वतःच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. "यंत्र ठीक आहे. म्हणजे त्याला काहीतरी वेगळं दिसतंय."

मग पायलला विचारलं, "काय पेलीस?"

"काही नाई, सर. खरंच नाई."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग डॉक्टरणीला म्हणाले, "नळी ठेवा बाजूला. ही खरं बोलते."

मग आम्हा घरच्यांची पाळी. मुलाला एका कोपऱ्यात, शेजाऱ्याला दाराबाहेर, मला भिंतीशी. घरात भांडण? नाही. लग्नाचं काही? नाही. पाणी विहिरीचं की बोअरचं? कातडीच्या रोगाच्या गोळ्या कोणी खातं? आणि शेवटी मला, "तुमच्या घरात मलेरियाच्या गोळ्या खाऊन कोणाची लघवी लाल झाली होती? कोणी पिवळं पडलं होतं? आठवून सांगा."

मी म्हटलं, पोरगी मरून राह्यली आणि हा माणूस माझ्या खानदानाची लघवी विचारून राह्यला! पण आठवलं. सासर, माहेर, सगळं. "नाई, सर. कोणाचीच नाई."

"नक्की?"

"नक्की."

मग त्यांनी सिरिंजनं पायलचं रक्त काढलं आणि एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मावशी, साक्षीला या."

मी बोट पुढे केलं. त्यांनी सुई टोचली आणि माझा थेंब तिच्या थेंबाशेजारी टिपला. गॉज हवेत हलवला, वारा घातल्यासारखा. मग टेबलावर ठेवला. माझं रक्त कुंकवासारखं लाल. पोरीचं तपकिरी, काकवीच्या रंगाचं, आणि कितीही वारा लागला तरी तसंच. एकाच घरातलं रक्त, आजीचं आणि नातीचं, आणि असं शेजारी शेजारी.

"मेथहिमोग्लोबिनेमिया," डॉक्टर म्हणाले. हे नाव मी पुढे केसपेपरवरून उतरवून घेतलं, अर्धी ओळ त्यातच जाते. मग मला समजेल असं म्हणाले, "रक्त आहे, पण त्यातल्या लोहाला गंज चढल्यासारखं झालंय. ऑक्सिजन दारात उभा आहे, रक्त त्याला उचलत नाही. यवतमाळपर्यंत टिकायची नाही. ॲम्बुलन्स थांबवा." आणि जानव्याची किल्ली काढली.

निळी शाई बाहेर आली.

निळ्या पोरीला निळं औषध! मी सिस्टरचा हात धरला. "बाई, हे काय देऊन राह्यले? मुदत तरी पाहा."

सिस्टर काही बोलायच्या आत डॉक्टरांनी बाटली माझ्यासमोर धरली. "वाचा."

मी वाचलं. मुदत होती. "मिथिलीन ब्लू," मी अक्षर अक्षर लावून म्हटलं.

"आता ऐका. हे हळू द्यायचं, पाच मिनिटं लावून. दिल्यावर आकडा आणखी खाली जाईल. रंगानं यंत्र फसतं. कोणी बोंब मारायची नाही. आणि ती लघवीची गोष्ट विचारली ती यासाठी, की काही घराण्यांच्या रक्ताला हे औषध सोसत नाही, रक्तच फुटतं. म्हणून तुम्हाला नक्की विचारलं."

आकडा खाली गेला. अठ्ठ्याहत्तर. बाहत्तर. मी तोंडात पदर कोंबला. मग हळूहळू वर. ऐंशी, सत्त्याऐंशी. अर्ध्या तासात ओठांवरचं जांभूळ उतरलं, पायलनं डोळे उघडले आणि म्हणाली, "दादी, पाणी." मी देवाचं नाव घेतलं. माझा मुलगा डॉक्टरांच्या पायाशी वाकला, तर ते मागे सरकले. त्यांना वाटलं असेल बूट खराब होतील.

पण फौजदार काही खूश दिसेनात. खुर्ची ओढून पलंगाशी बसले. म्हणाले, "आलं कुठून ते कळलं नाही."

आणि बरोबर तासाभरानं पुन्हा तेच. आकडा उतरायला लागला. डोकं दुखतं म्हणाली. ओठांच्या कडा पुन्हा काळसर. डॉक्टरांनी दुसरी बाटली हातात घेतली, पण फोडली नाही. "तिसरी नाही माझ्याकडे. अजून कुठून तरी येतंय. ही टाकली आणि ते येतच राहिलं, तर पुढे काय देऊ?"

मग तो माणूस हुंगायला लागला. सलाईनची बाटली हुंगली. मुलानं आणलेला पाण्याचा डबा हुंगला. चादर हुंगली. उशीपाशी थांबले. म्हणाले, "बुटाच्या पॉलिशचा वास येतोय." आणि खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. तिथल्या तिथे बूट काढले, व्हरांड्यात नेऊन ठेवले, मोज्यांवर परत आले आणि पुन्हा हुंगलं. "अजून येतोय. म्हणजे मी नाही."

स्वतःवरसुद्धा संशय घेऊन आलेला हा माणूस मला म्हणाला, "मावशी, हिच्या डोक्याला काय आहे?"

मी वाकले. ओढणीच्या घडीतून तो वास आला, गोड, बदामासारखा. त्यांना पॉलिश वाटला, मला बदाम. आणि मला सगळं समजलं. फळी, बाटली, माझे शब्द, तिचं हसणं.

दारात पोलीस चौकीचा हवालदार येऊन उभा होता, जबानीला. माझा मुलगा उभा होता. सिस्टर, डॉक्टरीण. बाटली माझी, ठेवली मी, आणि सांगितलंही मीच. गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? क्षणभर तोही विचार आला. लिहिते आहे तर खरंच लिहिते.

"सर," मी म्हटलं, "फुलोऱ्याचं टॉनिक हाय. म्याच म्हटलं होतं तिले. गमतीनं. वेणी वाढन म्हणून."

पायल रडायला लागली. "दादीचं काही नाई, सर. मीच लावलं. चांगलं जिरावं म्हणून वरून प्लॅस्टिकची पन्नी बांधली होती दोन तास. संध्याकाळी धुणार होती."

माझी अपेक्षा होती, आता हा माणूस मला फाडून खाणार. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता लावलं? बाटली कुठंय?" आणि मग, "कात्री आणा. केस काढावे लागतील, सगळं त्यात मुरलंय. मावशी, तुम्ही काढा. हातमोजे दोन-दोन घाला, ते टॉनिकच रक्ताला गंज चढवतं आणि कातडीतूनही आत जातं."

ओढणी सोडली. टायफाइडनं ठेवलेली जेवढी वेणी होती तेवढी तेलकट, पिवळट, जड. पट्ट्या कापायच्या कात्रीनं मी माझ्या हातानं कापली. पायल म्हणाली, "दादी, थोडी ठेव." मी ठेवली नाही. केस डबल पिशवीत बांधले, मग साबण आणि पाणी, साबण आणि पाणी, बादल्या मोजल्या नाहीत. डोकं धुऊन झाल्यावर डॉक्टर स्वतः वाकून हुंगले, म्हणाले, "अजून एकदा." मी पुन्हा धुतलं. मग त्यांनी दुसरी बाटली फोडली.

या वेळी आकडा चढला तो चढलाच. ते अंधार पडेपर्यंत मोज्यांवरच बसून होते. पायलची लघवी हिरवी-निळी झाली तेव्हा मी किंचाळले, तर म्हणाले, "शाई कुठून तरी बाहेर पडणारच ना, मावशी."

हवालदारानं वही काढली. "साहेब, पेलंच असन पोट्टीनं. बदनामी नको म्हणून केसाचं सांगून राह्यले हे लोक."

डॉक्टरांनी केसांची पिशवी त्याच्या नाकाशी धरली. "हुंगा. आणि संशय घ्यायचं काम इथं मी करतो, तुम्ही लिहायचं करा. केसाला लावले, चुकून. लिहा."

त्यानं लिहिलं. त्या दिवशी तांड्यात उठलेली कुजबूज त्या एका ओळीनं बसली. पोरीचा जीव वाचला तसं नावही वाचलं.

केसपेपरवर डॉक्टरांनी शेवटी काय लिहिलं, ते मी सवयीनं वाचलं. लिहिलं होतं, 'काय प्यायली हे सर्वांनी विचारले. काय लावले हे कोणी विचारले नाही. मीही नाही.' खाली सही. मी वाचते आहे हे त्यांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच टोकलं नाही.

पुढे ते रिटायर होऊन यवतमाळला निघाले. जायच्या आधी एक दिवस न सांगता आमच्या दारात उभे. "घर पाहायचंय," म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही. सरळ आरशाजवळच्या फळीपाशी गेले आणि एकेक बाटली उघडून हुंगली. तेल, फिनेल, माझ्या गुडघ्याचा मलम. समाधान झालं तेव्हा बाजेवर बसले. खिशातून ते बोटाचं यंत्र काढलं. पायलच्या बोटाला, मग स्वतःच्या, मग माझ्या. तिघांचेही आकडे नीट.

पायलचे केस तोवर खांद्यापर्यंत आले होते. ती धीट झाली होती आता. म्हणाली, "सर, त्या दिवशी सगळे म्हणत होते मी पेली. दादीसुद्धा. तुम्ही एकट्यानं विश्वास ठेवला."

डॉक्टरांचं तोंड कसनुसं झालं, चोरी पकडल्यासारखं. "विश्वास-बिश्वास काही नाही. पोटातून नळीनं काढलेलं पाणी मी हुंगलं होतं. त्याला वास नव्हता, म्हणून म्हटलं."

मी चुलीपाशी होते. मी त्या दिवशी भिंतीशी उभी होते आणि सगळं पाहिलं होतं. नळी पायलच्या पोटात गेलीच नव्हती. नाकाशी होती, तेव्हाच यांनी बाजूला ठेवायला लावली. पाणी निघालंच नाही, तर हुंगलं कुठून?

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यासारखंच पाहिलं, मान जराशी पुढे काढून. त्यांनी नजर फळीकडे वळवली.

कपात चहा ओतून पुढे केला. त्यांनी तो नाकाशी नेला, डोळे मिटले.

"आत्ताची पत्ती आहे," म्हणाले.

"आत्ताचीच जी," मी म्हटलं. दोघांतल्या एकानं तरी खरं बोलावं.